हिंदुराव आणि दिगू: निळू फुले यांचा आवाका मोजताना

निळू फुल्यांचं नाव निघालं की बोलणं हमखास दोन टोकांना जातं. एक जण म्हणतो, "तोच पाटील, तोच सरपंच. आवाज ओढायचा आणि तिरकं बघायचं, झालं." दुसरा म्हणतो, "आधी 'सामना' बघ, 'सिंहासन' बघ, मग बोल." दोघंही खरं तेच सांगतात, फक्त दोघांनी पाहिलेले चित्रपट वेगळे असतात. फुल्यांनी शंभराहून जास्त चित्रपट केले आणि त्यांतल्या बऱ्याच चित्रपटांत त्यांना दिलेलं काम खरोखरच एका साच्यातलं होतं. म्हणून त्यांचा आवाका ठरवायचा तर कामांची यादी करून भागत नाही. निवड करावी लागते, आणि ती करताना न्याय कसा राखायचा हाच या प्रकरणातला खरा प्रश्न आहे.

'आवाका' म्हणजे काय, हे आधी नक्की करून घ्यावं लागतं. शेतकरी, वकील, राजा, भिकारी अशा भूमिका मोजल्या की नटाला मिळालेली कामं मोजली जातात. ती निर्माता ठरवतो, वेशभूषाकार सजवतो. आवाका म्हणजे बाहेरचे आधार तेच ठेवले तरी नट स्वतः किती बदलतो ते. हा अर्थ एकदा धरला की पुढची निवड सोपी होते, कारण मग जितकं जास्त सारखं असेल तितकं चांगलं.

जोडी का निवडली

'सामना' (1974) आणि 'सिंहासन' (1979) हे दोन्ही चित्रपट जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केले. दोन्हींची पटकथा विजय तेंडुलकरांची. दोन्ही कृष्णधवल, दोन्हींचा विषय महाराष्ट्रातलं राजकारण. दोन्हींत डॉ. श्रीराम लागू समोर आहेत. मध्ये जेमतेम पाच वर्षं गेली, म्हणजे नटाचं वय आणि शरीरही फारसं बदललेलं नाही. दिग्दर्शक, लेखक, सहनट आणि काळ हे सगळं इतकं जुळणाऱ्या भूमिका एका नटाच्या कारकिर्दीत क्वचित सापडतात.

पण या जोडीची खरी किंमत सत्तेच्या अदलाबदलीत आहे. 'सामना'मध्ये फुले हे साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील आहेत. गाव त्यांचं, कारखाना त्यांचा. लागूंचा मास्तर हा दारूत बुडालेला, बाहेरून आलेला, जगाने टाकलेला माणूस. 'सिंहासन'मध्ये लागू अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे आहेत आणि सत्तेच्या मधोमध बसलेत. फुले आहेत पत्रकार दिगू टिपणीस. तो सगळीकडे जातो, सगळं ऐकतो आणि त्याच्या हातात काहीच नसतं. एका चित्रपटात फुल्यांकडे सत्ता आहे आणि लागू प्रश्न विचारतात. दुसऱ्यात लागूंकडे सत्ता आहे आणि फुले बघत राहतात. कुणी मुद्दाम चाचणी आखली असती तर तीही याहून नेमकी झाली नसती.

तिसरा चित्रपट म्हणून 'सारांश' (1984) घेतला. दिग्दर्शक महेश भट्ट, भाषा हिंदी, भूमिका राजकारणी गजानन चित्रे. ही भूमिका कागदावर साच्यातली आहे, म्हणूनच ती हवी. नट उत्तम भूमिकेत उत्तम वाटतो, यात नवल नाही. तीच ती भूमिका पुन्हा पदरात पडल्यावर तो काय करतो, हे पाहायला चित्रे लागतो. 'एक गाव बारा भानगडी' (1968) मधला झेलेअण्णा फक्त सुरुवातीचा बिंदू म्हणून पाहिला.

'सखाराम बाइंडर' बाजूला ठेवलं. 1972 सालच्या त्या नाटकातला फुल्यांचा सखाराम हे मराठी रंगभूमीवरचं मोठं काम आहे, पण आज तो प्रयोग पुढ्यात ठेवून तपासता येत नाही. जे पुन्हा पाहता येत नाही त्याला गुण द्यायचे नाहीत, मग त्याची ख्याती कितीही मोठी असो. हा नियम पाळणं जिवावर येतं, पण तो मोडला की आठवणींचा बाजार सुरू होतो.

पाहण्याची पद्धत

प्रत्येक चित्रपट आधी एकदा सलग पाहायचा. हातात कागद घ्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी दृश्यं निवडायची. प्रत्येक चित्रपटातली पाच घ्यायची: पात्राची एन्ट्री, स्वतःहून वरच्या माणसासमोरचं एक, खालच्या माणसासमोरचं एक, संवाद नसलेलं किंवा जवळजवळ नसलेलं एक, आणि शेवटचं. एकेक दृश्य तीन ते पाच मिनिटांचं धरलं तर दोन चित्रपट मिळून साधारण चाळीस मिनिटांचं साहित्य होतं. ते चार वेळा पाहायचं.

पहिल्या फेरीत आवाज बंद. दुसऱ्या फेरीत पडद्याकडे पाठ करून फक्त आवाज. तिसऱ्या फेरीत दोन्ही चालू, पण नजर निवडलेल्या नटावर न ठेवता समोरच्या नटावर ठेवायची. चौथ्या फेरीत नेहमीसारखं पाहायचं. चाळीस मिनिटांच्या चार फेऱ्या म्हणजे जवळजवळ पावणेतीन तास. त्या एका बैठकीत उरकायच्या नाहीत. दोन दिवसांत वाटाव्यात, कारण तिसऱ्या फेरीपर्यंत डोळा थकतो आणि हात मागच्या नोंदी गिरवायला लागतो.

तिसरी फेरी लोक हटकून गाळतात. तसं करू नये. नट खरोखर ऐकतोय की आपल्या वाक्याची वाट पाहतोय, हे समोरच्याच्या चेहऱ्यावर आधी कळतं. 'सामना'त लागूंच्या मास्तरकडे बघत बसलं की हिंदुरावाचा दाब नेमका कुठे पडतो ते दिसतं.

नोंदीच्या कागदावर पाच रकाने पाडायचे: देह, आवाज, नजर, वेळ, आणि दृश्य कुणाच्या हातात आहे. शेवटच्या रकान्यात एवढंच लिहायचं की बोलणं कोणी सुरू केलं, कोणी संपवलं आणि कोण कोणामुळे हललं. विशेषणं पूर्ण बंद. 'भेदक नजर' असं लिहायचं नाही. 'मान न वळवता फक्त डोळे वळवले' असं लिहायचं. 'दमदार आवाज' नको. 'वाक्याचा शेवटचा शब्द खाली सोडला' हवं. विशेषण आलं की निकाल आधीच लागलेला असतो, मग पुढच्या नोंदी त्या निकालाचे पुरावे गोळा करत बसतात. शक्य असेल तर दोघांनी वेगवेगळं बसून लिहावं आणि चारही फेऱ्या झाल्यावरच कागद जुळवावेत.

चित्रपटांचा क्रमही महत्त्वाचा. 'सिंहासन' आधी, 'सामना' नंतर. उलट केलं तर हिंदुरावाची छाप इतकी गडद बसते की दिगूमध्येही पाटीलच शोधला जातो.

हिंदुराव

हिंदुराव मास्तरला स्वतःहून आपल्या बंगल्यावर ठेवून घेतो. त्याला खाऊ-पिऊ घालतो, त्याच्याबरोबर दारूला बसतो. या पाहुणचारातच सगळी भूमिका आहे. फुले इथे खलनायकाचा एकही शिक्का मारत नाहीत. यजमानाची ऐसपैस बैठक, पाहुण्याची चौकशी, आपण उभं केलेलं दाखवण्याची हौस हे सगळं खरं आहे. या माणसाला मास्तर मनापासून आवडतो. आवाज बंद करून पाहिलं तर एखादा प्रेमळ, थोडा बढाईखोर काका दिसतो. धाक सगळा आवाजात आहे, तोही चढलेल्या नाही, सैल सोडलेल्या आवाजात. आपलं वाक्य कोणी मध्येच तोडणार नाही हे ज्याला जन्मापासून ठाऊक आहे, तोच माणूस शब्दांमध्ये एवढी जागा सोडतो.

मग गावातून नाहीशा झालेल्या माणसाबद्दलचा "मारुती कांबळेचं काय झालं?" हा प्रश्न येतो. तो एकदा येऊन थांबत नाही, मास्तर तो विचारतच राहतो. हिंदुरावाचा आवाका इथे मोजायचा. प्रश्न तोच असताना उत्तर देणारा दर वेळी वेगळ्या जागी उभा आहे का? 'दृश्य कुणाच्या हातात' हा रकाना वरून खाली वाचला तर उत्तर मिळतं. सुरुवातीला सगळी दृश्यं हिंदुराव उघडतो आणि तोच मिटवतो. पुढे उघडतो तो, मिटवतो मास्तर. शेवटाकडे बोलणं काढायलाही त्याला मास्तरची गरज पडते. एवढी मोठी घसरण फुले आरडाओरडा न करता नेतात. घसरण दिसते वेळेत. आधी जे पॉझ मालकीचे होते, तेच पुढे अडखळण्याचे होतात. पॉझची लांबी तीच, अर्थ उलटा. नवशिका नट इथे पॉझ बदलेल. फुले पॉझ तसाच ठेवतात आणि त्याच्या मागचा माणूस बदलतात.

दिगू

दिगूच्या कागदावरचा 'आवाज' हा रकाना निम्मा रिकामा राहतो, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं की नटाने काम कमी केलं. मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदे (अरुण सरनाईक), अर्थमंत्री दाभाडे, कामगार पुढारी डिकास्टा (सतीश दुभाषी) अशी बोलकी, महत्त्वाकांक्षी माणसं चहूकडे आहेत. दिगू त्यांच्यामध्ये वावरतो. पटकथेने त्याला कृती जवळजवळ दिलेलीच नाही. अशी भूमिका नटासाठी फार अवघड असते. करायला काही नसलं की हात वळवळतात, चेहरा 'मी ऐकतोय' असं सांगायला लागतो. दर वाक्याला मान हलते, भुवया वर जातात. पुष्कळ चांगले नट इथे घसरलेत.

फुले ऐकण्याचा अभिनय करत नाहीत, ते ऐकतात. फरक तिसऱ्या फेरीत पकडता येतो. समोरचा पुढारी दिगूशी बोलताना सावध नसतो, आणि तो का सावध नाही हे पटतं, कारण दिगू जागा व्यापत नाही. हिंदुराव खोलीत असला की खोली त्याची असते. दिगू खोलीत असला तरी खोलीला त्याचा पत्ता नसतो. देह तोच, उंची तीच, खरखरीत आवाजाचा पोतही तोच. तरी एक माणूस जागा खातो आणि दुसरा जागा देतो. या एका मुद्द्यावर प्रकरणाचा निम्मा निकाल उभा आहे.

नजरेचंही तसंच. फुल्यांची तिरकी नजर ही त्यांची लकब म्हणून बदनाम आहे. हिंदुराव तिरकं बघतो तेव्हा समोरच्याला जोखतो, भाव ठरवतो. दिगूची नजर बाजूला जाते तेव्हा ती समोरच्याला सुटका देते: तुम्ही बोला, मी पाहत नाहीये. लकब एक, काम दोन. लकब दिसली की साचा समजायचा, ही घाई त्यामुळेच महागात पडते. प्रत्येक नटाजवळ लकबी असतात, शरीर एकच असतं. लकब कुठल्या कामाला जुंपली ते पाहायचं.

मास्तर आणि दिगू हे दोघेही सत्तेच्या बाहेरचे साक्षीदार, म्हणून त्यांचीही तुलना करून पाहिली. मास्तर उत्तर ठाऊक नसताना विचारतो. दिगूला उत्तरं ठाऊक आहेत आणि त्यांचं करायचं काय हे कळत नाही. लागूंचा मास्तर बाहेर फुटतो, फुल्यांचा दिगू आत साचत जातो. साचण्याचा अभिनय कॅमेऱ्याला सहज सापडत नाही, त्यामुळे पुरस्काराच्या चर्चेत तो मागे पडतो.

कुठे चूक होते

सगळ्यात मोठा अडथळा नकलाकारांचा. "बाई, वाड्यावर या" हे वाक्य निळू फुल्यांच्या नावावर इतकं घोटलं गेलंय की मूळ आवाज ऐकतानाही कान नक्कल ऐकतो. नक्कल नेहमी स्वर ताणते. मूळ आवाजात ताण कमी आणि श्वास जास्त आहे. उपाय सोपा आहे: नोंदी सुरू करण्याआधी दिगूचे संवाद दहा मिनिटं फक्त ऐकायचे. कानातली नक्कल बरीचशी धुतली जाते.

दुसरा अडथळा प्रिंटचा. जुन्या कृष्णधवल चित्रपटाची खराब प्रत असेल तर सावल्या काळ्याठिक्कर होतात आणि डोळ्यांतलं काम त्यात बुडतं. टीव्हीच्या चौकटीसाठी कडा कापल्या असतील तर हात चौकटीबाहेर जातात. मग कोणी लिहितो, 'हातांचा वापर नाही'. दाबून लहान केलेल्या फाइलमध्ये श्वासाचे बारीक आवाज उडतात. कुठलीही उणीव लिहिण्याआधी दुसरी प्रत पाहावी. दोन्हींत ती दिसली तरच नटाची.

तिसरा संकलनाचा. क्लोजअपमधली प्रतिक्रिया नेमकी त्याच वाक्याला दिलेली होती की संकलकाने तिथे आणून लावली, हे पडद्यावरून कळत नाही. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्हने मोझ्झुखिन या नटाचा तोच एक चेहरा वेगवेगळ्या चित्रांशेजारी ठेवला आणि लोकांना त्यात वेगवेगळ्या भावना दिसल्या, हा प्रयोग चित्रपटाच्या कुठल्याही विद्यार्थ्याला ठाऊक असतो. म्हणून दोन्ही नट एका चौकटीत असलेल्या, न कापलेल्या शॉटला दुप्पट वजन द्यायचं. हिंदुराव आणि मास्तर एकत्र बसलेले असतात ते शॉट यासाठी सोन्यासारखे आहेत.

आवाजाचं आणखी एक. त्या काळात संवाद नंतर स्टुडिओत डब करण्याची पद्धत रूढ होती. त्यामुळे ऐकू येणारा आवाज हा काही वेळा देहापासून वेगळा, नंतर केलेला अभिनय असतो. ओठ आणि शब्द किंचित निसटताना दिसले तर त्या दृश्यातला 'आवाज' आणि 'देह' यांचा एकत्र निष्कर्ष काढायचा नाही.

आणि एक चूक प्रेमापोटी होते. फुले राष्ट्र सेवा दलाच्या मुशीतले, माणूस म्हणून साधे आणि समाजकार्यात मनापासून उतरलेले. 'इतका सज्जन माणूस इतका नीच पाटील रंगवतो, म्हणजे केवढा नट' असं म्हणायचा मोह होतो. हा आदर खरा आहे, पण पडद्यावरच्या कामाचा तो पुरावा नाही. नोंदवहीत त्याला रकाना नाही.

चित्रेची कसोटी

'सारांश'मधला गजानन चित्रे वृद्ध प्रधान दांपत्यावर दबाव आणतो, कारण त्याच्या मुलापासून दिवस राहिलेली मुलगी त्यांच्या घरात राहते. पटकथेत चित्रेचं काम एवढंच: धमकी बनून येणं. हिंदुरावासारखी त्याला घसरण नाही, दिगूसारखं आत साचणं नाही. इथे फुले काय करतात? ते धमकीला नम्रतेचं अस्तर लावतात. हे हुकमी आणि परिणामकारक आहे, पण हिंदुरावाच्या पाहुणचाराचीच ती छोटी आवृत्ती आहे. हिंदी बोलताना मराठी वळण टिकतं, आणि ते पात्राला शोभतं. पाच रकान्यांपैकी चारांत हिंदुरावाशी नोंदी जुळतात. फक्त वेळ वेगळी: चित्रे घाईत आहे, हिंदुरावाला कधीच घाई नसते. गावाचा धनी आणि निवडणुकीवर जगणारा शहरी पुढारी यांतलं अंतर तेवढ्या एका रकान्यात मावलंय. म्हणजे साचा आहे हे पहिल्या पक्षाचं म्हणणं इथे मान्य करावं लागतं. भूमिकेने दार उघडलं नाही तर फुले ते फोडून आत जात नाहीत. मिळालेल्या जागेत चोख काम करतात.

झेलेअण्णापर्यंत मागे गेलं तर साच्याचं मूळ सापडतं. 'कथा अकलेच्या कांद्याची' या वगनाट्याने फुल्यांना नाव दिलं, आणि वगातला नट प्रेक्षकाला धरून खेळतो: हशा येईपर्यंत थांबायचं, मग पुढचं वाक्य टाकायचं. झेलेअण्णात ते थांबणं प्रेक्षकासाठी आहे. सहा वर्षांनी हिंदुरावात तेच थांबणं समोरच्या माणसासाठी झालंय. हत्यार एकच, त्याची दिशा फिरली.

शेवटचं हसणं

कागद जुळवताना मतभेद एका जागी हमखास होतो: 'सिंहासन'च्या शेवटी भान हरपलेला दिगू हसत सुटतो तिथे. ते हसणं त्याआधीच्या दिगूपेक्षा कित्येक पटींनी मोठं आहे. एक पक्ष म्हणतो, बेअरिंग (पात्राची धरून ठेवलेली चाल) सुटलं, वगातला नट वर आला. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. फक्त आवाज ऐकला तर ते हसणं खरंच रंगमंचाच्या मापाचं आहे, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं.

पण दृश्य एकटं तपासलं तर चूक होते. त्याला आधीच्या रिकाम्या रकान्याशी जोडून वाचावं लागतं. सबंध चित्रपटभर ज्याने आवाज राखून ठेवला, त्याचा आवाज इथे पहिल्यांदा पूर्ण सुटतो, आणि तोही शब्दांशिवाय. ज्याचा धंदाच शब्दांचा, त्याच्याकडे शेवटी बातमी उरत नाही, नुसता आवाज उरतो. मधल्या कुठल्याही दृश्यात फुल्यांनी दिगूला थोडंसं जरी मोकळं केलं असतं, तर हे हसणं खोटं पडलं असतं. त्यामुळे गुण हसण्याला कमी आणि त्याआधीच्या राखणीला जास्त द्यायला हवेत.

नोंदवहीतला निकाल असा लिहावा लागतो: देह आणि आवाजाचा पोत यांत बदल थोडा, नजर आणि वेळ यांत बदल फार मोठा, सत्ता असण्यापासून नसण्यापर्यंतचा पल्ला पूर्ण, साच्यातल्या भूमिकेत स्वतःहून नवं आणण्याचं प्रमाण मध्यम. विनोदाचा रकाना या निवडीत तपासला गेलेला नाही. त्यासाठी वगनाट्याच्या वळणाचे, विनोदी नट राम नगरकरांबरोबरचे चित्रपट घेऊन दुसरी जोडी लावावी लागेल, आणि तिथे क्रम उलटा ठेवावा: आधी झेलेअण्णा, मग बाकीचे.